पडद्याच्या धारेमागचा रोडगा

विशाखाच्या प्रबंधातील चौथे प्रकरण वाचवणे, हा आमच्या मोहिमेचा एकमेव हेतू होता.

कन्नडच्या पलीकडे, डोंगराच्या एका अवघड घळीत पडद्याची धार नावाचा धबधबा आहे. त्या पाण्यामागे कातळात कोरलेली एक खोली असून पूर्वी दोन भंते, म्हणजे बौद्ध भिक्षू, पावसाळाभर तेथे वर्षावासाला बसत, असे विशाखाचे आजोबा तिला सांगत. तिने परिसरातील जुन्या वाटा आणि कोरीव टाकी यांचा माग काढून या सांगण्याला बळकट आधार दिला होता. परंतु दूरच्या एका नगरातील परीक्षक महाशयांनी समासात लाल शाईने लिहिले : ‘लोककथा हा पुरावा नव्हे. पुरावा द्यावा अथवा प्रकरण गाळावे.’ या गृहस्थांनी आयुष्यात चढलेला सर्वांत मोठा चढ म्हणजे सभागृहाच्या व्यासपीठाच्या पायऱ्या. त्यांचे सर्व ग्रंथ मी वाचले आहेत. त्यांत धूळ पुष्कळ आहे, पण ती रस्त्यावरची नाही. मी रागावलो नाही. मी फक्त बूट काढून त्यांना तेल लावले.

आम्ही चौघे निघालो. विशाखा, तिचा मार्गदर्शक म्हणून मी, माझे मेहुणे काकासाहेब आणि कडूबा. काकासाहेबांना पडेगावहून घ्यावे लागले. ते रस्त्यावर एक भला मोठा स्टीलचा डबा पोटाशी धरून उभे होते. डब्यात रोडग्यांसाठी मळलेली कणीक होती. “दाजी, रानात जायचं अन् रोडगे भाजायचे नाय, मग जायचं तरी कशाला?” हा त्यांचा सिद्धान्त. कडूबा धारेखालच्या गावचा. वाळूजच्या कारखान्यात पाळी करतो. सुट्टीचा दिवस त्याने आम्हाला दिला होता आणि त्याचे उपकार तो वाटभर मोजत होता.

“डोळे बांधा सर, तरी धारेवर नेऊन घालतो,” तो म्हणाला. डोळे उघडे असूनही तासाभरात त्याने आम्हाला एका करवंदीच्या जाळीत नेऊन घातले.

“वाट हितंच होती,” तो आश्चर्याने म्हणाला. “गेल्या साली तर होती.”

“गेल्या साली तू शेळ्यांमागं होता का शेळ्या तुझ्यामागं?” काकासाहेबांनी विचारले.

पावसाळा सरत आला होता. सागाच्या पानांची चाळण झालेली, गवत कमरेएवढे, आणि त्या गवतात तेरड्याचा गुलाबी रंग असा सांडलेला, की डोंगराने कुणाचीही परवानगी न घेता उत्सव मांडला आहे असे वाटावे. जाळीतून ओरखडे घेऊन बाहेर पडल्यावर विशाखानेच ओढ्याचा आवाज पकडला. त्या आवाजाचा हात धरून आम्ही घळीत उतरलो, आणि एका वळणावर धार समोर आली. उंच काळ्या कड्यावरून पाणी सरळ, रुंद, जराही न फाटता खाली येत होते. खाली हिरवा डोह होता. कडूबाने उपकार मोजणे थांबवले.

या धारेचा एक स्वभाव आहे. भर पावसात तिचा जोर इतका, की पलीकडे जाणे अशक्य. आणि पाणी ओसरले की कड्यावर आग्यामोहोळ येऊन बसते. मधल्या थोड्या दिवसांत जाता येते, या हिशेबाने आम्ही आलो होतो. हिशेब थोडा चुकला होता. कड्याच्या छताखाली काळी, जिवंत, किंचित हलणारी तीन मोहोळे लोंबत होती.

“गुमान राहिलं की काय करत नाईत,” कडूबा कुजबुजला.

विशाखाने कॅमेऱ्याची बॅग खडकावर ठेवली आणि ती पाण्याची खोली काठीने पाहू लागली. मी कड्याचे निरीक्षण करीत होतो. अशा वेळी निरीक्षण मागेही करावे, हे कोणत्याच ग्रंथात लिहिलेले नाही. मागे काकासाहेबांनी पाच खडे मांडून त्यांना कुंकू लावले होते. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. त्यांना विचारल्याशिवाय डोहात पाय घालायचा नाही, ही त्यांच्या घराची रीत. आणखी दोन खडे ते शोधतच होते. तोवर त्यांनी डब्यातून काडेपेटी काढून उदबत्त्यांचा सबंध जुडगा पेटवला होता.

धूर सरळ वर गेला.

“काकासाहेब,” मी म्हणालो, “विझवा.”

“दाजी, देवाची उदबत्ती फुंकून विझवत नसतात.”

वर गुणगुण थांबली. मग कड्याचा एक काळा तुकडा सुटून हवेत पसरला!

“पाण्यात!” विशाखा ओरडली. “धारेच्या मागं! पळा!”

आम्ही पळालो. कडूबाच्या नाकाला पहिला डंख बसला. काकासाहेबांनी एका हाताने कान झाकला, दुसऱ्याने डबा उचलला. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. पाय निसटला! विशाखाने माझी कॉलर धरली. डोक्यावर धार कोसळली. श्वास गेला, दिशा गेली, चष्मा गेला! आणि मग एकाएकी पाय दगडाला लागले, पाणी पाठीमागे राहिले, अंधुक हिरव्या उजेडात आम्ही चौघे खोकत उभे होतो.

ती खोली होती. लहान, चौकोनी, छिन्नीच्या घावांनी भरलेली. दोन बाजूंना दोन दगडी ओटे, मध्ये, मागच्या भिंतीलगत, पाण्याचे कोरीव टाके.

विशाखाने एका ओट्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही. मग तिचा हात भिंतीवरून सरकत टाक्याच्या काठाशी थांबला. “सर, इथं अक्षरं आहेत.”

“फोटो काढा की ताई,” कडूबा म्हणाला. त्याचे नाक वांग्यासारखे झाले होते.

कॅमेरा बाहेरच्या खडकावर, माश्यांच्या ताब्यात होता. विशाखाचा फोन त्याच बॅगेत, कडूबाचा आणि काकासाहेबांचा भिजून मेलेला. माझ्याकडे तो कधीच नव्हता. आणि तेवढ्यात धारेचा आवाज बदलला. पडदा हिरव्याचा तांबूस झाला. वर डोंगरावर परतीचा पाऊस पडला होता. ओट्यांच्या पायाशी पाणी आले.

“परत येऊ,” मी म्हणालो. जीव हा कोणत्याही प्रकरणापेक्षा मोठा, हे सांगण्याइतका मी अजून शहाणा होतो.

“सोमवारी प्रबंध द्यायचाय, सर.” ती अंधारात इकडेतिकडे पाहत होती. तिची नजर डब्यावर थांबली. “काका, कणीक कोरडी आहे?”

काकासाहेबांनी डबा छातीशी घट्ट धरला. “त्यात आसरांच्या दिव्यांचीबी कणीक हाय, पोरी.”

“अक्षरांवर दाबून ठसा घेते.”

पाणी घोट्यापर्यंत चढले. काकासाहेबांनी सुजलेल्या कानासह विचार केला. “घे,” ते म्हणाले. “घर आसरांचं, अक्षरं त्यांच्या घरातली. कणकेनं नाय म्हणायचं कारण नाय.”

विशाखाने कणीक थापून हलकेच अक्षरांवर दाबली, सोलून डब्यात ठेवली, पुन्हा थापली. दगडावर कण राहू नये म्हणून मी मागोमाग ओंजळीने भिंत धूत होतो. पाणी गुडघ्याला आले तेव्हा कोपऱ्यातून कडूबाचा आवाज आला. “सर, हितं पायऱ्या हायेत!”

या खेपेला त्याची वाट खरी होती. मुळ्यांनी झाकलेल्या अरुंद खोदीव पायऱ्या कड्याच्या पोटातून वर जात होत्या. कडूबा पुढे, विशाखा मागे, मग डबा, मग काकासाहेब. एक पायरी तुटलेली! मी उंबराच्या मुळीला लोंबकळलो. काकासाहेबांनी वरून पाय खाली सोडला. “धरा दाजी, पण डब्याला धक्का नको.” त्यांचा पाय धरून मी मोकळ्या पठारावर आलो. खाली ओढा गर्जत होता. खडक, बॅग आणि पाच खडे दिसेनासे झाले होते.

संध्याकाळी कडूबाच्या आईने, सरूबाईंनी, ते ठसे चुलीच्या मंद आचेवर वाळवले. “बया, रोडग्यावर काय लिव्हलंय हे?”

ठशात अक्षरे उलटी उठली होती. सरूबाईंचा आरसा समोर धरून, विशाखा एकेक अक्षर सांगत असता, मी वाचले : ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, एका भिक्षुणीचे दान आहे.

“आजोबा तर दोन भंते म्हणायचे,” विशाखा हसली. “ही बाई निघाली.”

“माझ्या वाट्याचा रोडगा कोणता?” कडूबाने विचारले. त्याला भाकरी वाढण्यात आली.

मौखिक परीक्षेत विशाखाने कापडात गुंडाळलेला रोडगा परीक्षक महाशयांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा फिरवला, एकदा हुंगला, मग खिशातून भिंग काढले आणि बराच वेळ ते वर पाहिनासे झाले. चौथे प्रकरण कायम राहिले. निघताना महाशय म्हणाले, की हे स्थळ एकदा प्रत्यक्ष पाहिले पाहिजे.

मी त्यांना आदरपूर्वक निमंत्रण दिले आहे. काकासाहेबांनी त्यांच्यासाठी उदबत्तीचा एक जुडगा वेगळा काढून ठेवला आहे.