शहागडची खसखस

कोट्यवधी वर्षं जे खडकात टिकलं, त्याला या जगात कुणीही धक्का लावू शकत नाही. तीर्थपुरीच्या अरुंधतीनं ते एका सकाळी साजूक तुपात तळलं.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. हैदराबादच्या भूगर्भखात्यातला मार्तंड हा तरुण अधिकारी गावोगावच्या विहिरींत डोकावत हिंडत होता. पाणी प्यायला म्हणून तो जगन्नाथराव वकिलांच्या दारात थांबला. तांब्या त्यांच्या मुलीनं, अरुंधतीनं दिला. त्यानं वर बघितलं... आणि अर्धं पाणी सदऱ्यावर गेलं. तहान भागली नसावी, कारण आठवड्याभरात तो वकिलांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहायला आला.

त्याचं काम साधं होतं. विहीर खणताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधीकधी वीतभर पांढरी माती लागते. ती धुतली की तळाशी खसखशीएवढे शिंपले उरतात. दोन गावांच्या मातीत एकाच जातीचे शिंपले निघाले, की दोन्ही थर एकाच काळातले. हे त्यानं अरुंधतीला भिंगाखाली दाखवलं. तीर्थपुरीच्या शिंपल्याच्या पाठीवर दोन बारीक कंगोरे होते. ते तिला लगेच दिसले, पण बराच वेळ दिसत नसल्यासारखं तिनं केलं. तो शेजारी वाकून दाखवत राहिला.

शहागडच्या विहिरीतली माती त्यानं स्वयंपाकघरातून मागून आणलेल्या वाटीत धुतली आणि उरलेला गाळ अंगणात वाळत ठेवला. तेवढाच होता. त्या विहिरीला पाणी लागून थर कधीच बुडाला होता. हे शिंपले जुळले नाहीत तर वर्षभराचं काम मातीत आणि मार्तंडची बदली दुसरीकडं, हे अरुंधतीला ठाऊक होतं.

दिवाळी तोंडावर आली होती. तिनं अंगणातली वाटी आत नेली आणि अनारसे थापले.

दुपारी त्यानं अनारसा तोंडात घातला. दाताखाली करकर वाजलं. छान झालेत, असं म्हणून त्यानं तो गिळला, अंगणात गेला आणि तसाच परत आला.

"अंगणातली वाटी कुठं आहे?"

"घासून ठेवली की मघाच," तिची आई उषाबाई आतून म्हणाल्या.

अरुंधतीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मी... खसखस समजून..." आता हा माणूस सामान बांधणार, आणि तेही आपल्या हातानं झालं.

मार्तंड ताटाकडं बघत होता. "तुम्ही खाल्लात?"

"न्हाई."

"मग अजून कुणाला खाऊ देऊ नका."

दोघं ओसरीवर बसले. शिकेकाईच्या कढत पाण्यात अनारसे भिजले, तूप वर आलं, शिंपले तळाशी बसले. तिनं सुईच्या टोकानं एकेक टिपला. उषाबाई दारात तांदूळ निवडत होत्या, म्हणजे त्यांचं लक्ष तांदळावर नव्हतं.

"काय करून राह्यले तुम्ही दोघं?"

"अनारसे वाचून राह्यलोत," अरुंधती म्हणाली आणि तेवढ्यात थांबली. "हा बघा... दोन कंगोरे."

तो वाकला. कपाळ कपाळाला लागलं. कुणीच मागं सरकलं नाही.

"तोच," तो म्हणाला. "बिलकुल तोच."

"मग रिपोर्टात काय लिहिणार? नमुना कुठला?"

"शहागडचा."

"आणि अनारसा?"

"तो लिहिला तर नोकरी जाईल." त्यानं भिंग खाली ठेवलं. "म्हणून म्हणतो... ही गोष्ट जिला ठाऊक आहे, ती घरातलीच असलेली बरी."

तिनं सुई हळूच वाटीच्या काठावर ठेवली. "आईलाही ठाऊक आहे."

"सासूबाई कुणाला सांगतात होय?"

दारात तांदळाचं सूप थांबलं. उषाबाई उठल्या आणि आत जाऊन त्यांनी वकीलसाहेबांना हाक मारली.

माघात लग्न झालं. फाल्गुनात रिपोर्टावर खात्याचं उत्तर आलं: सदर माती रस्त्याच्या खडीसाठी निरुपयोगी आहे.