किडक्या भोपळ्याचा दिवा

शर्वरी सुतारच्या मायक्रोफोनवरचा दिवा तिसऱ्या ओळीलाच विझला. तिने डोळे मिटून गाणं तसंच पुढे रेटलं, पण दिवा काही लागेना. सांगलीच्या त्या नाट्यगृहातल्या खुर्च्या अजून जवळजवळ रिकाम्या होत्या. संध्याकाळी त्या भरणार होत्या, आणि मग विझलेला दिवा सगळ्यांना दिसणार होता.

"पुन्हा एकदा," ती ड्रमवाल्याला म्हणाली. पुन्हा तेच झालं.

त्या काळात यंत्रं जिलब्या पाडाव्यात तशी गाणी पाडत होती. यंत्राने रचलेला विरह ऐकून माणसं ढसाढसा रडत आणि मग त्यांना कळे, की हा विरह कुणाचाच नव्हता. दुधाने तोंड पोळलेले श्रोते ताकही फुंकून पिऊ लागले. तेव्हा आला साक्षीदिवा. भावना शब्दांत येण्याआधी शरीरात उमटते. श्वास अडखळतो, नाडी बदलते, गळ्यातल्या नसा ताणल्या जातात. कानामागे चिकटवलेली बोटभर पट्टी हे सगळं टिपते आणि बोललेल्या शब्दांशी ताडून बघते. गाण्यातला राग अंगातही असेल तर मायक्रोफोनवरचा दिवा पिवळाधमक लागतो, नुसताच गळ्यात असेल तर विझतो. ज्या अल्बममधलं प्रत्येक गाणं दिव्याच्या साक्षीने गायलं गेलं, तो 'साक्षांकित'. पण भर कार्यक्रमात दिवा विझला तर साक्षांकन रद्द, आणि त्या गायकाकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघत नसे.

शर्वरीचा पहिलावहिला अल्बम साक्षांकित होता. नाव 'किडका भोपळा'. तिचे आप्पा मिरजेत तंबोरे बनवत. त्यासाठी भोपळा निवडताना ते टिचकी मारून कान लावत. आतून किडलेला भोपळा वरून कितीही गुळगुळीत असला तरी बद्द वाजतो. शाळेत असताना शर्वरीने स्वतः रचलेलं पहिलं गाणं त्यांना ऐकवलं. आप्पांनी सगळ्या कारागिरांसमोर तिच्या कपाळावर टिचकी मारली आणि म्हणाले, "भोपळा किडका हाय. नाद न्हाई ह्यात." सगळे खो खो हसले. ते हसणं तिच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलं आणि त्याचीच ही गाणी झाली.

अल्बम गाजला तसे आप्पा तिच्या दारात येऊन उभे राहिले. "चुकलो मी, शरू," एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून ते तिच्याकडेच राहत होते. शर्वरीने त्यांना माफ केलं होतं, अगदी मनापासून. आणि इथेच तर घोडं पेंड खात होतं.

"मशीन बिघडलं असंल," आप्पा पहिल्या रांगेतून म्हणाले.

साक्षीदिवा बनवणाऱ्यांपैकी एक, डॉ. कामत, दौऱ्यावर सोबत होत्या. त्यांनी पट्टी तपासली. "मशीन ठीक आहे, काका. हिचा राग गेलाय."

"मग त्यात वाईट काय हाय?"

"वाईट काहीच नाही. पण गाणं रागाचं आहे."

"मी शब्द बदलते," शर्वरी म्हणाली. "माफ केलं, असं गाते. तेच खरं आहे आता."

"शब्द बदलला की साक्षांकन गेलं. ते गाणं पुढच्या अल्बमात घे. पण आज पडलीस, तर पुढचा अल्बम काढणार कोण?"

"एखादी गोळी न्हाई का, बाई?" आप्पांनी विचारलं.

"दुःख उतरवायच्या गोळ्या ढीगभर आहेत, काका. चढवायची एकही नाही. जखम ताजी लागते. आणि सोंग चालत नाही, हिला ती खरी वाटली पाहिजे."

"हिला वाटली पायजे," आप्पा पुटपुटले.

बाहेर प्रेक्षक जमू लागले, तेव्हा ते मेकअपच्या खोलीत आले. शर्वरी गिटार जुळवत होती. आप्पांनी तिच्या गिटारवर टिचकी मारली, जुन्या सवयीने कान लावला. तिला हसू आलं. आता आशीर्वाद देतील, असं वाटलं.

"शरू, आज सांगूनच टाकतो," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "माफी मागितली, कारण तुझं नाव झालं. म्हातारपणी कुणाचा तरी आधार पायजे. पण मत बदललेलं न्हाई. भोपळा किडकाच हाय."

आणि निघून गेले.

ती रंगमंचावर कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. ती गायली म्हणजे ओरडली, रडली, गिटारची तार तोडली. दिवा असा लागला, की पहिल्या रांगेतल्या लोकांनी डोळ्यांवर हात धरले. सगळं नाट्यगृह उभं राहून तिच्यासोबत गात होतं. पहिल्या रांगेतली आप्पांची खुर्ची तेवढी रिकामी होती.

पडदा पडल्यावर तिने डॉ. कामतांचा दंड धरला. "ते मुद्दाम बोलले ना? माझ्यासाठी?"

"असेल."

"असेल म्हणजे? तुम्हाला कळायला हवं!"

"पट्टी तुझ्या कानामागे होती, शर्वरी. त्यांच्या नाही."

आप्पा मागच्या पायऱ्यांवर बसून भडंग खात होते. शर्वरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, एका हातात मायक्रोफोन आणि दुसऱ्या हातात कानामागून काढलेली पट्टी. ती त्यांना चिकटवायची आणि मघाचं वाक्य पुन्हा म्हणायला लावायचं, एवढंच काम होतं. दिवा लागला, तर बाप कायमचा गेला. विझला, तर बाप मिळाला, पण उद्या कोल्हापूरला तिचा दिवा लागणार नव्हता, आणि त्यानंतर कुठेच नाही.

"झालं न्हवं चांगलं?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज कापरा होता, पण आवाज म्हातारपणानेही कापतो.

शर्वरीने पट्टी खिशात टाकली.

"उद्या कोल्हापूरला येताय ना, आप्पा?"

"येऊ?"

"या," ती म्हणाली. "गाण्याआधी भेटायला या."

भडंगाचा घास आप्पांच्या हातातच राहिला. मग त्यांनी हळूच मान हलवली.