निळ्या रेघेचा पंख

"पाय मागे घे, पाय! पंख आहे तो, घसरगुंडी नव्हे!"

पंडित ओरडला आणि भिंगरीने टुणकन उडी मारून पाय मागे घेतला. सुट्टी लागल्या लागल्या ती मामाकडे आली होती. बॅग दारातच टाकून, मामीला "आले गं!" एवढंच ओरडून सांगून ती थेट घरामागच्या शेडमध्ये घुसली होती.

आणि तिथे ते उभं होतं. खरंखुरं विमान!

गेल्या सुट्टीत त्याचा नुसता सांगाडा होता. शेजारच्या एका आजींनी तर "होडी करताय वाटतं?" असं विचारलंही होतं. आता सांगाड्यावर कापड चढलं होतं, कापडावर पांढराशुभ्र रंग, नाकावर लाकडी पातं. मागेपुढे दोन जागा. शेडमध्ये मावेना म्हणून दोन्ही पंख काढून भिंतीला टेकवले होते.

"मागची जागा माझी!" भिंगरी म्हणाली.

"माहितीये. बाबांनी तुला कबूल केलंय ते अख्ख्या गावाला माहितीये," पंडित म्हणाला. पंडित म्हणजे मामाचा मुलगा, भिंगरीहून वर्षाने मोठा. सगळ्या जगाची माहिती आपल्याच खिशात आहे असा त्याचा थाट, म्हणून पंडित. "रविवारी आधी बाबा एकटे उडणार. सगळं ठीक निघालं तर मग तू. आणि ओकलीस तर तूच पुसायचं!"

"तूच ओकशील, जमिनीवर उभ्या उभ्या!"

तेवढ्यात पंखामागून खुदकन हसू आलं. तिथे टिकली बसली होती, डॉक्टरकाकांची मुलगी. चण एवढीशी, पण जिथे जाऊ नये तिथे नेमकी सापडायची. डॉक्टरकाका दातांचे डॉक्टर, मामाचे लहानपणापासूनचे मित्र आणि विमानातले अर्धे भागीदार. उत्साह दांडगा, दम मात्र अजिबात नाही.

मामाचं याच्या अगदी उलट. मामा घड्याळजी. दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचा. बिघडलेलं घड्याळ आलं की तो ते आधी उघडायचा नाही. कानाशी धरायचा, मान तिरकी करायचा, डोळे मिटायचा आणि थोड्या वेळाने म्हणायचा, "हं. कुठे दुखतंय ते कळलं." विमानही त्याने असंच बांधलं होतं, एकेक फासळी कापत, घासत, चिकटवत.

चिकटवण्याचा त्याचा एक नेम होता. दर वेळी दोन डब्यांतला सरस एकत्र कालवला की एक रंग ठरवायचा. त्या सरसाने विमानाचा जो भाग चिकटवला, त्यावर त्या रंगाच्या पेन्सिलीची रेघ ओढायची. त्याच सरसाने लाकडाचे छोटे तुकडेही दोन-दोन एकमेकांना चिकटवायचे, त्यांवर तीच रेघ, आणि ते दाराजवळच्या खिळ्यांना टांगायचे. दुसऱ्या दिवशी तुकडा शिकंज्यात आवळून हातोडीने मोडायचा.

"लाकूड फाटलं तर सरस चांगला," मामाने गेल्या सुट्टीत शिकवलं होतं. "लाकूड न फाटता जोड सुटला, तर तो सरस नाही, नुसतं थुंकी लावून चिकटवणं!"

खिळ्यांवर अजूनही तुकडे लटकत होते. लाल, पिवळे, हिरवे, निळे.

"एवढे न मोडलेले कसे?" भिंगरीने विचारलं.

"रोज मोडायचो, रोज लाकूडच फाटायचं. मग सगळ्यांना कंटाळा आला," पंडित खांदे उडवत म्हणाला.

टिकलीने मात्र त्या तुकड्यांचं घर बांधायला घेतलं होतं. भिंती झाल्या, छप्पर चढलं, आणि धाडकन सगळं कोसळलं.

"अय्या! हा बघ, बिस्किटासारखा उघडला!"

निळ्या रेघेचा तुकडा होता. दोन्ही अर्ध्यांवर सरसाचा थर गुळगुळीत, चकचकीत. लाकडाचा एक तंतूही फाटला नव्हता.

मग पंडितने दुसरा निळा तुकडा शिकंज्यात आवळला आणि हातोडीने हलकेच टकटक केलं. कट्! तोही उघडला.

"निळा... निळा कुठे लावलाय?" भिंगरीने हळूच विचारलं.

पंडितने पंखाच्या कापडावर हात फिरवला. रेघा सगळ्या आत, कापडाखाली. कापड मामीने टाक्याला टाका लावून शिवलेलं, वर रंगाचे थर. पंखाच्या पोटाला फक्त हाताचा पंजा जाईल एवढं एक गोल झाकण होतं, आतल्या तारा तपासायला.

"डोकं थोडंच जाणार आत!" पंडित म्हणाला.

"बाबा तोंडात डोकं घालतात का?" टिकली म्हणाली. "त्यांच्याकडे आरसा असतो!"

ती भुर्रकन पळाली. परत आली ती मुठीत दांडीचा इवलासा गोल आरसा घेऊन, दातांच्या मागचं बघायचा. दुपारची वेळ, मोठी माणसं पाठ टेकून पडलेली. टिकलीने बॅटरी धरली, पंडितने झाकण उघडलं आणि भिंगरीने पंखाच्या पोटात आरसा घातला.

"आ करा," टिकली गंभीरपणे पंखाला म्हणाली.

पहिल्या फासळीवर हिरवी रेघ. दुसरीवर हिरवी. मग आरसा वळला. विमानाला जिथे पंख जोडतात तिथल्या जाड तुळईवर आणि तिच्या लगतच्या फासळ्यांवर रेघ होती ती निळी! सगळा भार जिथे येणार, नेमकी तिथे.

भिंगरी उठून धावणार, तोच पंडितने तिचा हात धरला.

"थांब ना." त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "बाबांचे डोळे गेलेत, भिंगरी. म्हणजे... जाताहेत. विमान चालवायचा परवाना या महिनाअखेरपर्यंतच आहे. पुढच्या तपासणीत पास होणार नाहीत, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. हा पंख उघडायचा, नवीन करायचा म्हणजे कित्येक महिने. या रविवारी नाही तर बाबा कधीच..."

भिंगरीने विमानाच्या पुढच्या जागेकडे बघितलं. मामाने तिथे स्वतःच्या मापाची उशी शिवून घेतली होती. मागच्या जागेवर दुसरी, छोटी. तिच्या मापाची.

तिला वाटलं, आपण आजच आलो नसतो तर? टिकलीने ते घर बांधलंच नसतं तर? मग तिला तो गुळगुळीत सरस आठवला. तोच पंखातही होता.

"तूच सांग," ती पंडितला म्हणाली. "तुझे बाबा आहेत."

पंडितने नाक पुसलं. "चल."

पण ऐकतंय कोण! मामा उठला तो विमान अंगणात काढून, इंजिन सुरू करून, त्याला कान देऊन बसला. "उद्या! उद्या बघू!" एवढं ओरडून त्याने हात झटकला. डॉक्टरकाका तर हसलेच. "अरे, खेळताना पाडला असेल तुकडा! तपासनीस साहेब परवाच येऊन बघून गेले. चहा प्यायले, पंखावर हात फिरवला, सही केली. तुम्ही काय त्यांच्याहून मोठे?"

"आरशाचं सांगू का?" टिकलीने विचारलं.

"नको," भिंगरी म्हणाली. "सांगून भागायचं नाही. त्यांना स्वतःच्या हाताने कळायला हवं. आणि डॉक्टरकाकांना लोक जमले की कसा चेव येतो, ठाऊक आहे ना?"

शनिवारी दुपारी सगळी गल्ली शेडमध्ये लोटली. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान ट्रकवरून उड्डाणाच्या मैदानावर जायचं होतं. डॉक्टरकाका एकेका भागाला हात लावून समजावून सांगत होते. मामा कोपऱ्यात उभा राहून नुसता हसत होता.

"काका," भिंगरी गोड आवाजात म्हणाली, "ते तुकडे मोडायची गंमत दाखवा ना! कुणालाच माहीत नाही!"

"अरे वा! बघाच मंडळी!" काकांनी बाह्या सरसावल्या.

पंडित तुकडे हातात देत होता. लाल तुकडा फाटला, लाकडाच्या चिंध्या झाल्या. टाळ्या! पिवळा फाटला. हिरवा फाटला. "बघितलंत? लाकूड हरतं, सरस हरत नाही!" काका घामाघूम होऊन सांगत होते.

मग पंडितने निळा दिला.

कट्!

"हा जरा... दुसरा दे रे."

कट्!

तिसराही तसाच. टाळ्या थांबल्या. काका हातातल्या गुळगुळीत अर्ध्याकडे बघत राहिले. मामा कोपऱ्यातून पुढे आला. त्याने तो तुकडा घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग अंगठ्याने चाचपला.

"निळा कुठे लावलाय?" त्याने विचारलं.

टिकलीने आरसा पुढे केला. "तुळईवर. आम्ही बघितलंय."

मामा पंखाशी गुडघ्यांवर बसला. बराच वेळ आरसा फिरवत राहिला. त्याला ती रेघ दिसली की नाही कोण जाणे, पण त्याने आत हात घातला आणि फासळी अंगठ्याने दाबली. आतून बारीकसा आवाज आला. कट्.

"सुटली," तो म्हणाला.

डॉक्टरकाका मटकन स्टुलावर बसले. "निळा मीच लावला. तू त्या दिवशी परगावी गेला होतास. म्हटलं, परत येशील तोवर काम तयार! सरस फार घट्ट झाला होता रे. क्लिनिकमधलं स्पिरिट घातलं. थोडंसंच. तुकडेही केले, तुझ्या नेमाप्रमाणे, टांगूनसुद्धा ठेवले..."

"आणि मी मोडून बघितले नाहीत," मामा म्हणाला.

टिकली वडिलांच्या मांडीशी जाऊन उभी राहिली आणि तिथून सगळ्यांकडे डोळे वटारून बघू लागली. कुणी काकांना एक शब्द बोलेल तर खबरदार! मामी आत जाऊन कात्री घेऊन आली.

"सरक," ती मामाला म्हणाली. "माझे टाके आहेत. मीच उसवते."

कात्री चालू लागली. ते पांढरं कापड करकरत फाटताना लोक एकेक करून निघाले. जाताना प्रत्येक जण मुलांच्या पाठीवर हात ठेवून गेला. "शाबास रे पोरांनो! जीव वाचवलात!" दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या वैमानिक बाई मुद्दाम घरी आल्या आणि त्यांनी तिघांशी मोठ्या माणसांशी करतात तसं हस्तांदोलन केलं. एरवी भिंगरीने त्यावर चार दिवस मिरवलं असतं. आता मात्र कुणी "शाबास" म्हटलं की तिला कुठेतरी लपून बसावंसं वाटायचं.

शेवटी ती मामाला शेडमध्ये एकटा गाठून म्हणालीच, "मामा, तू आता उडणार नाहीस."

"नाही," मामा म्हणाला.

तो जमिनीवर पडलेल्या फासळ्या गोळा करत होता. त्यातली एक त्याने तिच्या हातात दिली. "ही धर. नवीन कापताना माप लागेल." थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्यापाशी आलीस तेव्हा मी हात झटकला तुझ्यावर. ते मात्र मला लागून राहिलंय गं." भिंगरी फासळी छातीशी धरून मुसमुसत राहिली आणि मामाने तिला रडू दिलं.

उरलेली सुट्टी सरस कालवण्यात गेली. रोज तुकडे झाले आणि रोज मोडले गेले. मोडायचं काम मामाने डॉक्टरकाकांनाच दिलं होतं, आणि ते एकही तुकडा सोडत नव्हते.

विमान उडालं ते पुढच्या सुट्टीत. आधी वैमानिक बाई एकट्या फिरून आल्या. मग भिंगरी मागच्या जागेवर बसली. वर्षभरात ती एवढी वाढली होती की तिच्या मापाची उशी आता तिला पुरत नव्हती.

धावपट्टी खडखडली, खडखडली आणि एकदम गप्प झाली. जमीन सुटली होती! तिने वाकून पाहिलं. खाली पंडित हात पसरून धावत होता. टिकली उड्या मारत होती. डॉक्टरकाका टोपी हलवत होते, मामी पदराने डोळे टिपत होती. सगळ्यांची तोंडं वर होती.

मामाचं नव्हतं. तो बाजूला एकटा उभा होता. डोळे मिटलेले, मान तिरकी केलेली, दुकानात घड्याळ कानाशी धरायचा तशी. विमान वळेल तशी त्याची मान हळूहळू वळत होती.

उतरल्यावर ती धावत त्याच्याकडे गेली. "मामा! कसं होतं ते सांगू?"

"मी ऐकलं की सगळं," तो म्हणाला. "डावीकडे वळताना एक तार जरा कुरकुरते. आवळायला हवी."

मग तो विमानापाशी गेला. पंखावरून, मामीने नव्याने घातलेल्या टाक्यांवरून हात फिरवत राहिला. भिंगरी शेजारी येऊन थांबली.

"सांग," मामा म्हणाला. "चाकं सुटली तिथपासून सांग. काही गाळू नकोस."