घड्याळजींची ग्रहमाला

उद्या टेम्पो घेऊन येतो मी, त्यात काही वाद नाही. पडदे आणू, दिवे आणू, जिन्याला तांब्याचे पाइप लावायचेत तेही लावू. मामाचा हात अजून चालतो. पण पोरी, मघाशी मोबाइलमध्ये तो छताला टांगायचा पितळी सूर्य दाखवलास ना, भोवती ग्रह फिरणारा, 'एका घरातून काढलेला, अस्सल जुना'... तो आणायला मी येणार नाही. नवा घ्या. पत्र्याचा घ्या. कुणाच्या घरातून काढलेला नको.

हसा, जावईबापू, हसा. लाइट गेलेत म्हणून मामाला भुतं सुचतायत असं वाटतंय ना? मेणबत्ती इकडे सरकवा आणि ऐका. मध्ये मध्ये 'मग काय झालं' करायचं नाही, मी सांगणारच आहे.

तुम्ही ज्याला ते स्टीमपंक का काय म्हणता, तसलं घर मी आतून बाहेरून पाहिलंय. माझा दोस्त राहतो तिथे. रेडिओ दुरुस्त करायचा, म्हणून आम्ही सगळे त्याला रेडिओच म्हणतो. माणूस लाखातला, पण लग्नाचं नाव काढलं की पळायचा. आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर बाबा प्रेमात पडला! बाई विधवा. तिचा पहिला नवरा घड्याळजी होता, मनगटावरची नाही, मनोऱ्यावरची मोठी घड्याळं सांभाळायचा. तो छातीत कळ येऊन गेला. रेडिओने वहिनींशी लग्न केलं आणि त्यांच्याच घरी राहायला गेला, कारण त्याची स्वतःची खोली म्हणजे दुकानाचा माळा.

आणि ते घर! घड्याळजींनी एकट्याने सजवलेलं. जिन्याचा कठडा तांब्याच्या पाइपांचा, टोकाला वाफेच्या इंजिनावरचा काटा असलेली गोल तबकडी. भिंतीवर ताटाएवढी दातेरी चक्रं, त्यातली काही खरोखर फिरणारी. ताऱ्यांचा नकाशा चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, जुना करून चौकटीत लावलेला. खिडकीत तिपाईवर पितळी दुर्बीण. आणि वरच्या खोलीचं छत गर्द निळं, त्यात चांदण्या म्हणून पितळेचे खिळे ठोकलेले. मधोमध टांगलेली ग्रहमाला. भिंतीवरचं हँडल फिरवलं की साखळी चालायची, टक, टक, टक, आणि सगळे ग्रह सूर्याभोवती फिरायला लागायचे. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

झालं, तिथेच घोडं पेंड खायला लागलं. जो येईल त्याचं तोंड उघडंच राहायचं. "वा! काय हात होता घड्याळजींचा!" हे वाक्य रेडिओला दिवसाआड ऐकावं लागायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोशेजारी बसून. आणि वहिनी खुलायच्या हो, खोटं कशाला बोलू. "हे चक्र ना, त्यांनी भंगारातून आणलं होतं," म्हणून सांगायला लागायच्या आणि चहा निवून जायचा.

एकदा कुठल्याशा मासिकाचा फोटोग्राफर आला. घराचे फोटो काढायला. रेडिओने चांगला इस्त्रीचा शर्ट घातला होता. तर तो पोरगा म्हणतो, "काका, जरा बाजूला होता का? हँडल झाकलं जातंय."

काका! बाजूला व्हा!

तो माझ्याकडे येऊन बसला त्या संध्याकाळी. म्हणाला, "मेलेल्या माणसावर जळतोय मी. हसू नकोस. जिवंत असता तर दोन हात केले असते, भांडलो असतो, हरलो असतो. आता काय करू? तो काही चुकतच नाही. त्याचं घोरणंसुद्धा आता कुणाला आठवत नाही."

मी म्हटलं, "अरे, तू त्याच्यासारखं काहीतरी कर की. हात तुझाही काही कमी नाही."

मीच म्हटलं. चांगल्या मनाने म्हटलं.

तर पठ्ठ्याने मनावर घेतलं. जुन्या रेडिओंच्या काचेच्या व्हॉल्व्हचे चंद्र केले. एक पौर्णिमेचा, एक अर्धा, एक कोरीएवढा, असे ओळीने पितळी पट्टीवर बसवलेले, बटण फिरवलं की एकेक करून उजळणारे. सुंदर होतं ते, माझ्या गळ्याशपथ. ग्रहमालेच्या बरोबर समोरच्या भिंतीवर त्याने ते लावलं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. रेडिओ त्या रात्री शीळ घालत झोपला म्हणे.

सकाळी उठून बघतो, तर पट्टीचे सगळे स्क्रू सरळ केलेले.

म्हणजे कसं, सांगतो. स्क्रूच्या डोक्यावर खाच असते ना? आपण घट्ट पिळतो आणि सोडून देतो, खाच जिकडे थांबेल तिकडे. आडवी, तिरकी, कशीही. आता सगळ्या खाचा उभ्या होत्या. एकसारख्या. जणू रांगेत उभ्या केल्यात.

"तू केलंस?" त्याने वहिनींना विचारलं.

त्यांनी जवळ जाऊन बघितलं. आणि हसल्या. गोड हसल्या. "ते असंच करायचे," म्हणाल्या. "घरातला एक स्क्रू वाकडा चालायचा नाही त्यांना."

त्या हसण्याने रेडिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला वाटलं, हिनेच केलंय. आपलं काम तिला त्याच्यासारखं करून हवंय. भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. वहिनी म्हणाल्या, "अहो, गेलेल्या माणसाशी कसली चढाओढ लावलीय तुम्ही? मी तुमच्याशी लग्न केलंय, शुद्धीत केलंय." त्या रडल्या, मग तो रडला, मग मिटलं. पण त्याच्या मनातलं गेलं नाही. संध्याकाळी त्याने मुद्दाम सगळ्या खाचा आडव्या केल्या, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली उशीखाली घेऊन झोपला.

सकाळी किल्ली जागेवर. कुलूप जागेवर.

खाचा उभ्या.

त्यानंतर तो मला भेटायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळं आलेलं असायचं. मी म्हटलं, घर सोडा, माझ्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. तर म्हणतो, "मी का सोडू? त्याने सोडावं." त्याचं हेच चालायचं. भीती कमी आणि जळफळाट जास्त. भीती असती तर बरं झालं असतं.

मग ती रात्र आली. डिसेंबरातला शेवटचा शनिवार, अमावास्या. थंडी इतकी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. दोघं जेवून खालच्या खोलीत झोपले. मध्यरात्र उलटून गेल्यावर रेडिओला जाग आली.

वर आवाज येत होता.

टक... टक... टक...

साखळी चालत होती. कुणीतरी हँडल फिरवत होतं, अगदी सावकाश. आणि त्या आवाजात... वहिनी हसत होत्या. वरच्या खोलीत. हळू, दबक्या आवाजात, कुणी कानात काहीतरी सांगावं आणि हसू आवरू नये, तशा.

रेडिओ मला म्हणाला, "तेव्हा मला भूतबित काही सुचलं नाही. एवढंच वाटलं, माझ्याबरोबर ती अशी कधी हसलेली नाही."

तो उठायला गेला. अंधारात हात टेकला.

हात वहिनींच्या खांद्यावर पडला.

त्या शेजारीच होत्या. गाढ झोपलेल्या. श्वास एका लयीत. त्याने मोबाइलचा उजेड केला... त्यांचे ओठ हसत होते.

वर आवाज चालूच.

दुसरा कुणी असता तर दार उघडून रस्त्यावर पळत सुटला असता. मी तर सुटलोच असतो, लाज कसली. हा गेला वर. हातात पाना घेऊन. कुलूप काढलं. दार ढकललं.

आवाज थांबला.

खोलीत कुणी नाही. निळं छत, काळं पडलेलं. ग्रह अजून किंचित हलत होते. त्याने हँडलला हात लावला. एवढ्या थंडीत सगळं पितळ गारठलेलं... आणि हँडल उबदार. कुणीतरी नुकतंच सोडलेलं.

तो म्हणाला, "ती माझी बायको आहे."

त्याने पाना वर धरला.

"ऐकतोयस ना? माझी आहे."

ग्रहमाला फिरायला लागली. हँडल जागेवरच होतं. ग्रह फिरत होते... उलटे.

रेडिओने स्टूल ओढलं, वर चढला आणि मधल्या दांड्याला पाना लावला. ते नट घड्याळजींनी बसवलेले, कित्येक वर्षांत हललेले नाहीत, वर गंज. त्याला वाटलं, हातोडी लागणार. पाना टेकवला मात्र, नट सुटला. दुसऱ्याला तर नुसती बोटंच लागली. तिसरा... तिसरा त्याने हात लावायच्या आधीच खाली पडला.

कुणीतरी सोडत होतं. त्याच्याबरोबर.

एकेक ग्रह तो उतरवत गेला आणि जमिनीवर ठेवत गेला. कुठे अडलं नाही. कुठे ओढावं लागलं नाही. शेवटी सूर्य उतरवला तेव्हा तो जड गोळा इतका अलगद हातात आला, की खालून कुणी धरलाय असं वाटलं.



आता जरा डोकं चालवा, तुम्ही शिकलेली माणसं. जो माणूस एक स्क्रू वाकडा सोडत नव्हता, त्याने सगळी ग्रहमाला अशी हातात दिली? रेडिओला हे सुचलं नाही. त्याला वाटलं, जिंकलो. खाली आला, आधी रॉकेलने आणि मग साबणाने हात चोळचोळून धुतले, पांघरुणात शिरला आणि वहिनींचा हात घट्ट धरून झोपला. म्हणाला, "लहान पोरासारखा धरला होता. एक क्षण सोडला नाही."

सकाळी त्याने मला फोन केला, टेम्पो घेऊन ये, पितळ भंगारात द्यायचंय. आवाजात उत्साह मावत नव्हता. मी गेलो. सगळं सामान दोघांनी मिळून खाली आणलं. वहिनींनी रिकाम्या छताकडे एकदा बघितलं. चहा टाकला. कप एकेक करून आणले, एकाच हाताने. दुसरा हात स्वेटरच्या बाहीत आत ओढून घेतलेला.

रेडिओ म्हणाला, "हाताला काय झालं?"

"काही नाही. थंडी आहे."

"बघू."

त्याने बाही वर केली.

पितळेला घामाचा हात लागून राहिला ना, की हिरवा डाग पडतो. पितळेत काम करणाऱ्यांची बोटं कायम तशी असतात. वहिनींच्या डाव्या हातावर तसे डाग होते. पंजाच्या मागच्या बाजूला चार, शेजारी शेजारी. तळव्यात एक, अंगठ्याचा. रात्रभर कुणीतरी हात हातात धरून ठेवावा, तसे.

मी रेडिओचे हात बघितले. स्वच्छ. रॉकेलचा वास येत होता अजून.

तो कसाबसा म्हणाला, "मी तर तुझा उजवा धरला होता."

वहिनी पलंगाच्या डाव्या बाजूला झोपतात. आणि डावीकडे, पोरी... त्यांचा पलंग भिंतीला लागून आहे. मध्ये उशीसुद्धा जात नाही.

रेडिओने फडकं ओलं केलं. साबण घेतला. फडकं टेकवणार, तेवढ्यात वहिनींनी हात मागे घेतला. छातीशी धरला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"राहू द्या," म्हणाल्या.

मी कप तसाच ठेवला आणि बाहेर टेम्पोत जाऊन बसलो.

चार वर्षं झाली या गोष्टीला. घरात आता पितळेचा एक खिळा नाही, सगळा पांढरा रंग. असला डाग दोन आंघोळीत जातो... परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहा दिला. डाव्या हातावर पाच हिरवी बोटं उमटली होती.

ताजी.