साध्या गाठींचं निमित्त

"चष्मा आधी पूस, मग बस. आणि काय दिसतंय ते नीट सांग, घाई नको," ती म्हणाली. मान वर न करताच.

पॅथॉलॉजीच्या त्या खोलीत एक मायक्रोस्कोप असा होता, की त्याला दोन्ही बाजूंनी डोळे लावता येत. गाठीचा पातळ काप लावलेली काच एकच, तिच्यावरचं गुलाबी-जांभळं चित्र एकच, आणि बघणारे दोघं समोरासमोर. समोरच्या खुर्चीत रोज तिच्या हाताखालची डॉक्टर येऊन बसे आणि रोज उशिरा येई. म्हणून ती जरा करवादूनच बोलली होती.

"चष्मा मी लावत नाही," समोरून आवाज आला. निवांत, खालच्या पट्टीतला, आणि अजिबात ओळखीचा नसलेला. "पण काच जरा डावीकडे सरकवलीत तर सांगतो... हं, इथे. या पेशी एकमेकींना धरून नाहीत. भांडण झालेल्या घरासारखं आहे. सगळ्या एकाच छताखाली, पण प्रत्येकीचं तोंड वेगळ्या भिंतीकडे."

तिने दचकून वर पाहिलं. त्यानेही त्याच क्षणी डोळे उचलले. डोक्यावर न विंचरलेले केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"तुम्ही... कोण?"

"दार चुकलो. शेजारच्या इमारतीत जायचं होतं. खुर्ची रिकामी दिसली आणि तुम्ही बस म्हणालात," तो म्हणाला. "मी सांगितलेलं ऐकतो."

आपल्याला हसू आलंय हे कळू नये म्हणून ती पुन्हा खाली वाकली. काच मात्र पुढची पाच मिनिटं एकाच जागी राहिली.

तो एका वर्षासाठी आला होता. जगात फार थोड्या लोकांना होणाऱ्या, भल्याभल्यांना नाव न देता येणाऱ्या गाठी ओळखणं हे त्याचं काम. वर्षभरच राहायचा म्हणून सगळे त्याला 'पाहुणे' म्हणू लागले, आणि तो 'पाहुणे' या हाकेलाही अगदी सरळपणे ओ देई.

तिच्याविषयी म्हणाल, तर तिची एकच गोष्ट सगळ्या डिपार्टमेंटला पाठ होती. ती 'आहे' असं कधी म्हणत नसे. 'असावं', 'असू शकेल', 'नाकारता येत नाही'... रिपोर्ट लिहिता लिहिता ही भाषा तिच्या अंगात इतकी मुरली होती, की आईने "भाजीत मीठ बरोबर आहे का?" विचारलं तरी ही म्हणे, "बरोबर असावं." आई कपाळाला हात लावी. लग्नाचं विचारणं तर आईने केव्हाच सोडून दिलं होतं. उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं.

डिपार्टमेंटचा एक नियम होता. गाठ अवघड वाटली की काच पाहुण्यांकडे न्यायची, पण आपलं मत सांगायचं नाही, रोग्याची हकिगतही नाही. दुसऱ्याने कोऱ्या मनाने बघायचं. मग दोघांची मतं जुळतात का ते ताडून पाहायचं.

पहिले दोन महिने ती खरोखरच अवघड काचा घेऊन गेली. तो चहा करायचा, ती त्याच्याकडच्या तशाच दुहेरी मायक्रोस्कोपला काच लावायची, आणि दोघं डोळे टेकवून बसायचे. त्या यंत्राची एक गंमत होती. त्यात पाहताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण श्वास ऐकू येतो. टेबलाखाली गुडघे कधी चुकून लागतात आणि दोघंही 'सॉरी' म्हणायला विसरतात. चेहरा दिसत नाही म्हणून माणूस बोलतोही मोकळं. लहानपणी तो अंधाराला घाबरायचा, हे तिला तिथेच कळलं. तिला गाता येतं आणि ती कुणासमोर गात नाही, हे त्याला तिथेच कळलं.

मग अवघड काचा संपल्या. गाठींनी तरी किती अवघड व्हावं? तिसऱ्या महिन्यात ती एक साधी चरबीची गाठ घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. चरबीची गाठ म्हणजे पांढऱ्या फुग्यांची जाळी. शिकायला आलेली पोरंही ती चालता चालता ओळखतात.

मेणातल्या तुकड्यांचे पातळ काप काढणाऱ्या मावशींनी तिला जिन्यात गाठलं. "पुन्हा पाहुण्यांकडे? काय बाई, आजकाल सगळ्या अडचणी त्याच इमारतीत सुटायला लागल्यात."

"शंका होती थोडी," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पाहुण्यांनी ती चरबीची गाठ अतिशय गंभीरपणे पाहिली. वरून, खालून, चारही कोपऱ्यांत.

"नेमकी शंका कसली आली?"

"शंका म्हणजे... शंका."

"हं. हिला वेळ द्यावा लागेल," तो म्हणाला. "चहा अजून एक कप टाकतो."

असं मग चालूच राहिलं. चरबीच्या गाठी, घामाच्या ग्रंथींच्या गाठी, एकदा तर नुसती सुजलेली कातडी. त्याने एकदाही 'हे काय आणलंत?' असं म्हटलं नाही. तिनेही ताकास तूर लागू दिली नाही. रात्री उशीवर डोकं टेकताना ती दुसऱ्या दिवशीची वाक्यं जुळवायची. सांगून टाकू, अगदी सरळ. सकाळ झाली की ती सगळी वाक्यं 'असावं'च्या वळणावर येऊन बसायची.

वर्ष सरत आलं. एका दुपारी, दोघांचेही डोळे काचेला लागलेले असताना, तो म्हणाला, "मला पलीकडच्या शहरातून बोलावणं आलंय. दुर्मीळ गाठींचाच नवा विभाग. दोन वर्षं. हो म्हणून सही केलीय. शनिवारी निघतो."

तिच्या हातातलं मायक्रोस्कोपचं चक्र फिरलं आणि चित्र पुसट झालं. तिला ते पुन्हा स्पष्ट करता येईना.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"एवढंच?"

"चांगली संधी असावी."

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, आणि तो चहाचे कप धुवायला गेला. एरवी तो ते तसेच ठेवायचा.

त्यानंतर ती तिकडे फिरकली नाही. शनिवार जवळ येत होता. आपण बोललो तर? तो हसला तर? आणि न बोलता तो गेला तर... याच्यापुढे तिला विचार करवेना.

गुरुवारी काच आली. लोकांचे केस कापून पोट भरणारी एक तरुण बाई, उजव्या हाताच्या पुढच्या भागावर गाठ. सर्जन घाईत होते. "झपाट्याने वाढतेय. सोमवारी ऑपरेशनला घेतो. स्नायूंसकट काढावी लागेल, कात्री काही पुन्हा धरता यायची नाही. तुमचा रिपोर्ट तेवढा द्या."

तिने डोळे लावले. पेशींची नुसती झुंबड. लांबट, उर्मट, जागोजागी दुभंगणाऱ्या. कुणीही कॅन्सर म्हणावा अशी. पण कुठेतरी काहीतरी खटकत होतं. ती कधी नव्हे ते उठून वॉर्डात गेली.

बाईने आधी तिच्या डोक्याकडे पाहिलं. "डॉक्टर, तुमचे केस कुणी कापले हो? कसला सूड उगवलाय?" मग हळूच विचारलं, "हात राहील ना माझा?"

"गाठ कधीपासून आहे?"

"तीन आठवडे. त्याच्या आधी काहीसुद्धा नव्हतं. आधी वाटाण्याएवढी, बघता बघता लिंबाएवढी."

तीन आठवडे. कॅन्सरलासुद्धा एवढी घाई नसते. ती तशीच काच घेऊन शेजारच्या इमारतीकडे निघाली. पाऊल मात्र उचलेना. वर्षभर खोट्या शंका घेऊन गेलेल्या माणसाने आज खरी घेऊन कुठल्या तोंडाने जायचं?

तो पुस्तकं खोक्यात भरत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि मग त्याने तो सावरला. "या. आज काय, चामखीळ?"

ते वाक्य तिला लागलं. ती काही न बोलता काच लावून समोर बसली.

तो पाहू लागला, आणि त्याचं हसू विरलं. "हे... हे वाईट आहे," तो अखेर म्हणाला. "सार्कोमा. क्वचित दिसणाऱ्यांपैकी. हात वाचवणं कठीण."

वर्षभरात एकदाही त्यांची मतं वेगळी पडली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

त्याने डोळे उचलले. "नाही?"

"हा कॅन्सर नाही. पेशी भरमसाट वाढताहेत, पण दुभंगताना बघा. प्रत्येक वेळी सरळ, समान दोन भाग. वेडीवाकडी फूट एकही नाही. गाठ तीन आठवड्यांची आहे. ही नोड्युलर फॅसिआयटिस आहे. दिसते राक्षसासारखी, पण काही महिन्यांत आपली आपण विरून जाते. हाताचे स्नायू कापायचे नाहीत."

नुसतं 'आहे' आणि 'नाही'; 'असावं' एकदाही आलं नव्हतं. तिचं तिलाच नवल वाटलं.

तो पुन्हा वाकला. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, पुन्हा पहिल्यापासून. बाहेर वारा सुटला होता आणि खिडकीची कडी वाजत होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"बरोबर आहे तुमचं," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी हात घालवला असता तिचा. दिवसभर माझ्यापुढे लोक फक्त दुर्मीळ आणून ठेवतात. ते बघून बघून मला सगळ्यातच दुर्मीळ दिसायला लागलंय. साधं काही आणून दाखवणारं इथे एकच माणूस होतं."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या चरबीच्या गाठीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही शरमेने यायचं थांबवलं असतंत. आणि मग..." तो खोक्यातल्या पुस्तकांकडे पाहू लागला. "त्या दिवशी मी जातोय म्हटलं ना, तेव्हा वाटलं होतं, आता तरी थांबा म्हणाल. तुम्ही म्हणालात, चांगली संधी असावी."

"मूर्खपणा होता तो माझा," ती म्हणाली. आता माघार घ्यायची तिची तयारी नव्हती. "ऐका. चरबीची गाठ मला झोपेतही ओळखता येते. मी तुम्हाला बघायला यायची. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. ह्यात 'असावं' काही नाही."

तो उभा राहिला, आणि उभं राहून काय करायचं हे न सुचल्यासारखा टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आला. इतके दिवस समोर बसणारा माणूस पहिल्यांदाच तिच्या बाजूला होता. त्याने तिच्या बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक हलकेच सोडवलं. मग तो हात तिथेच राहिला.

"सही करून बसलोय मी," तो म्हणाला. "मोडता येणार नाही. दोन वर्षं... वाट बघशील?"

तिने मान हलवली. "नाही."

त्याचा चेहरा पडला.

"वाट बघत बसले की मी पुन्हा शंका काढायला लागेन, मला मी माहीत आहे. मीच येईन. पुढच्या रविवारी. आणि त्याच्या पुढच्या."

सर्जन आधी तडकले, पण दोघांच्या सह्या पाहून थांबले. गाठीची जनुकीय तपासणी तिच्याच बाजूने आली आणि गाठही तिने सांगितलं तशी विरली. पण ते पुढचं.

शनिवारी दुपारी ती बसस्टँडवर त्याच्या खिडकीखाली उभी होती. बोलायचं ठरवून आलेलं सगळं दोघंही विसरले. "वेळेवर जेव," ती म्हणाली. "त्या बाईकडून केस नीट कापून घे," तो म्हणाला. तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. तो असा समोर, हाताच्या अंतरावर असतानाच तिला त्याची आठवण यायला लागली. बस हलली. ती वळणापर्यंत पाहत राहिली, आणि वळण रिकामं झाल्यावरही तिथून हलली नाही.

मग तिने घरी फोन लावला. "आई, पुढच्या रविवारी मी नाहीये."

"का गं? कुठे?"

"एका माणसाला भेटायला जातेय. मला तो आवडतो."

पलीकडे आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"नक्की?" आईने विचारलं.

"नक्की."

आईने नाक ओढल्याचा आवाज आला. "मग तो चुरगळलेला निळा ड्रेस घालून जाऊ नकोस," ती म्हणाली. "शनिवारीच इस्त्री करून ठेवते दुसरा."