'ताई' आणि 'ताकद' यांच्या मधलं कार्ड

"'ताई' आहे, 'ताकद' आहे! मग मधला 'ताईत' गेला कुठे?" लंबू खणात डोकं खुपसून ओरडला.

सुट्टी लागल्यापासून लंबू, त्याची बहीण चष्मिश आणि त्यांची आतेबहीण ठमी शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं लावायला यायची. ठमीची आई इथेच काम करायची. एका शब्दाचं एक कार्ड. पुढे अर्थ आणि मूळ, मागे आईने स्वतः रचलेलं वाक्य. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती ठमीला 'माझ्या गळ्यातला ताईत' म्हणायची. त्या शब्दापाठी तिने काय लिहिलं असेल, एवढंच ठमीला वाचायचं होतं. आणि उद्या सगळी कार्डं छापखान्यात जाणार होती!

"कार्ड नेलं की जागेवर लाल कार्ड ठेवून त्यावर नाव लिहायचं ना?" चष्मिश म्हणाली. "इथे तर लाल कार्डच नाही!"

"नियम मीच केलाय. कोणाची बिशाद आहे मोडायची!" संपादककाका मान वर न करता म्हणाले.

चष्मिशने 'ताकद' उजेडात धरलं. "अगंबाई! चहाचा गोल डाग!"

'ताई'वरही तसाच! तिघांनी हळूच काकांच्या टेबलाकडे पाहिलं. चहात माशी पडू नये म्हणून काकांनी कपावर झाकण ठेवलं होतं. 'तिखट'चं कार्ड!

"काका!"

काका चांगलेच ओशाळले. "अरेच्चा! म्हणजे ताईत कपाबरोबरच गेला की काय?"

तिघं धावत खाली चहावाल्या मावशींकडे गेली.

"कपांवर येतात ती कार्डं? एवढं सुंदर अक्षर, मला बाई टाकवेना!" म्हणत मावशींनी बिस्किटांचा डबा काढला.

तळाशी आईचं अक्षर होतं! 'ताईत: अरबीतून आलेला शब्द. मुळात, आसरा मागणं. संकट टळावं म्हणून गळ्यात किंवा दंडावर बांधायची मंतरलेली वस्तू.'

ठमीने कार्ड उलटलं. 'ताईत आई लेकराला बांधते. आमच्याकडे लेकीने गळ्यात हात टाकले, की माझी भीती पळते.'

ठमीला आई इतकी हवीशी झाली, की रडूच फुटलं. लंबूने गुपचूप रुमाल पुढे केला. चक्क स्वच्छ!

"शाब्बास, पोरांनो! माझी लाज राखलीत," तिघं कार्ड घेऊन वर आल्यावर काका म्हणाले. त्यांनी मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला, आईचं कार्ड ठमीच्या हातात ठेवलं आणि एक लाल कार्ड पुढ्यात ओढलं. कोणी नेलं? 'लेकीने.' परत कधी? ती ओळ त्यांनी कोरीच सोडली, आणि कार्ड 'ताई'च्या मागे सरकवून खण बंद केला.