रोज नवी ओळख

वॉर्डच्या वळणावर तो तिच्या अंगावरच आदळला, आणि सॉरी म्हणायचं सोडून म्हणाला, "आपण भेटलोय का हो आधी?"

ती काही अशा बोलण्याला भुलणारी नव्हती. पेशंटना पुन्हा चालतं करायचं हे तिचं काम, आणि स्वभाव मुलखाचा संशयी. आई म्हणायची, "बाई गं, तू स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र मागशील."

"कालच तर पलंगावरून उठवलं तुम्हाला," ती म्हणाली. "चला, भिंत सोडा."

हा सुतार. डोक्यात पाणी साचून त्याचा तोल जायचा. डॉक्टरांनी कवटीला छोटंसं छिद्र पाडून, आत दुर्बीण घालून त्या पाण्याला नवी वाट करून दिली होती.

"जन्मभर लाकडाला भोकं पाडली," तो हसला, "शेवटी माझ्यावरच उलटली."

हसला की त्याचे डोळे बारीक व्हायचे... तिने घाईने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आपण भेटलोय का हो आधी?" त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. अशा ऑपरेशननंतर कधीकधी स्मरणशक्तीला धक्का बसतो, म्हणून डॉक्टर काळजीत पडले. "उद्याही असंच राहिलं तर पुन्हा तपासण्या. कदाचित पुन्हा ऑपरेशनही," ते तिला म्हणाले.

पण तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नर्सना नावानिशी हाका मारणारा, कालच्या भाजीत मीठ कमी होतं म्हणून कुरकुरणारा हा बाबा नेमका तिलाच कसा विसरतो?

सकाळी चालता चालता ती सहज म्हणाली, "काल तुम्ही मला कॉफी पाजायचं कबूल केलंत."

"छे, काल तर तुम्ही म्हणालात, कॉफीने तुमचं डोकं—"

तो थांबला. तीही थांबली.

"तुमचं डोकं पुन्हा उघडायला निघालेत तिकडे, कळतंय का? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा."

त्याचा चेहरा पडला. "पहिल्या दिवशी खरंच विसरलो होतो. पण तुम्ही अशा काही रागाने बघितलंत... वाटलं, परत बघावं. चुकलं माझं." मग हळूच, "रात्रभर... माझा विचार?"

"तुमच्या स्मरणशक्तीचा," ती फणकारली आणि तडक डॉक्टरांकडे गेली. दुसरं ऑपरेशन टळलं. सुतार घरी गेला, आणि तिला वॉर्ड उगाच मोठा वाटायला लागला.

टाके काढायला आला तेव्हा तो भिंतीला हात न लावता सरळ चालत आला. पण तिच्यासमोर येऊन नुसताच उभा राहिला.

तिने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "आपण... भेटलोय का हो आधी?"

"भेटलोय. तुम्हाला कॉफी चालत नाही. चहा चालेल?"

"आणि उद्या विसरलात तर?"

"तर उद्या परत विचारेन."